घेणं-देणं

स्टोकमध्ये मला सगळे 'डक' म्हणतात.
भाजीवाली, बसड्रायव्हर, भूल देणारे डॉक्टरसुद्धा.
बदक. पहिल्या वर्षी राग यायचा.
आता कुणी नुसतं मंजिरी म्हटलं
की वाटतं, माझं काहीतरी चुकलंय.

अतिदक्षता विभाग, खाट सात.
सिरिल टॅम्स, वय एकोणऐंशी.
पंधराव्या वर्षापासून लाँगटनच्या कारखान्यात
सुकलेल्या कपांच्या कडा घासायचे,
ओठाला लागू नयेत म्हणून.
कुणाकुणाच्या ओठांना.
घासून उडालेलं सगळं
त्यांच्या छातीत बसलं आहे.
एक्सरेवर ते पांढरं दिसतं.

मी जेल हातावर चोळून कोमट करते.
शुद्धीत नसलेल्या माणसालाही थंडी वाजत असेल,
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आपण म्हणतो, श्वास घेतला.
घेणं म्हणजे ओढणं. छाती मोठी होते,
आतला दाब उतरतो,
आणि हवेच्या मागोमाग रक्तही येतं
पोटातून, पायांतून,
दार उघडं दिसलं म्हणून आल्यासारखं.

मशीन श्वास देतं.
देणं म्हणजे ढकलणं.
हवा आत येते आणि रक्त
उंबऱ्याबाहेर थबकतं, चपला न काढता.

पडद्यावर हृदय आडवं कापलेलं.
डावा कप्पा गोल, वरून पाहिलेल्या कपासारखा,
उजवा त्याला टेकलेला,
पातळ भिंतीचा, जन्मभर हलकं काम केलेला.
आता त्याला दगडातून रक्त ढकलायचं आहे.

प्राणवायू कमी पडतोय, म्हणून डॉक्टर हॉकिन्स
मशीनचा दाब दोन अंकांनी वाढवतात.
बरोबरच आहे त्यांचं.
फुप्फुसाचे मिटलेले कोपरे उघडतात,
बोट गुलाबी होतं.
आणि माझ्या पडद्यावर
उजवा कप्पा फुगत जातो, फुगत जातो,
मधली भिंत डावीकडे सरकते,
ओल्या कपाला कुणी अंगठा दाबावा
तसा तो गोल एका बाजूने चपटा.
रक्तदाब नव्वद. ब्याऐंशी. चौऱ्याहत्तर.

"हवा पोचतेय," मी म्हणते, "पण ती न्यायला कोणी नाही."
नंतर मी हे नीट शब्दांत लिहिलं, अहवालात.
त्या क्षणी एवढंच सुचलं.
डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग मशीनकडे,
आणि बटण उलटं फिरवलं.
कप हळूहळू गोल झाला.
पूर्ण नाही.

बहीण येते त्यांची, एनिड.
चहाचा पेला हातात आला की आधी
रिकामा करून उलटा करते,
तळाचा शिक्का बघते, नाक मुरडते.
"आमच्याकडचा नाही."
मला विचारते, आजार फुप्फुसाचा ना?
मग तू हृदय का बघतेस, डक?

मला इंग्रजीत उत्तर देता आलं नाही.
आमच्यात म्हणतात, घेणं-देणं असतं दोघांचं,
भिंतीला भिंत लागलेल्या घरांसारखं.
मी म्हटलं, ते शेजारी आहेत.
तिने मान हलवली. तिच्या शेजाऱ्यांबद्दल
तिला पुष्कळ सांगायचं होतं.

चित्र काढताना नेहमी मी सांगते:
घ्या. सोडा. आता थांबा.
त्या थांबण्यात चित्र स्वच्छ येतं.
खाट सातला सांगण्यात अर्थ नव्हता,
नर्सच बटण दाबून श्वास रोखायची
आणि मी तिचे आभार मानायचे.

एकविसाव्या दिवशी
गळ्याला भोक, मशीन तासाभरापुरतं बाजूला.
रक्त आता अंगातून परत धावत येतं,
कधी कधी हृदयच गांगरतं त्याने, म्हणून मला बोलावलेलं.
डोळे उघडे. निळे, हे मला माहीतच नव्हतं.
आवाज नाही, पण ओठ जुळले, सुटले:
डक.

मी म्हटलं, सोडा.
सोडला.
थांबा.
थांबले.
मधली भिंत जागच्या जागी थरथरत होती.
मी मोजत होते, पट्ट्या लावत होते,
आणि 'घ्या' म्हणायचं
राहूनच गेलं.

त्यांनी घेतला.